गोळ्यांचे वाटे

बोरिवलीच्या शुभाताई घाडीगावकर यांच्या घरी एकच एसी आहे आणि तो आतल्या खोलीत बसवलेला आहे. त्या खोलीत माणसे झोपत नाहीत. तेथे पुठ्ठ्याची खोकी राहतात. शुभाताई आणि त्यांचे यजमान चंद्रप्रकाश बाहेरच्या खोलीत पंख्याखाली झोपतात. एखादा पाहुणा याचे नवल करू लागला, तर चंद्रप्रकाश गंभीर चेहऱ्याने सांगतात, "आमच्या घरात गार हवा खायची असेल, तर पुढच्या जन्मी गोळी होऊन यावे लागेल."

या गोळ्या पेंटबॉलच्या. जिलेटिनच्या पातळ कवचात रंग भरलेला असतो. हवेच्या दाबावर चालणाऱ्या बंदुकीतून गोळी सुटते, समोरच्याच्या अंगावर फुटते आणि ज्याला रंग लागला तो बाद होतो. या गोळीला ओल सोसत नाही. दमट हवेने तिचे कवच फुगते आणि फुगलेली गोळी नळीत अडकून बसते. मुंबईच्या हवेत हा धंदा करणे म्हणजे पापडाचे दुकान समुद्रात थाटण्यासारखे आहे. ते शुभाताईंनी थाटले.

त्यांचे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी बोरिवली स्टेशनाबाहेर छत्र्या दुरुस्त केल्या. शुभाताई अंधेरीच्या एका खेळसाहित्याच्या दुकानात बिले करीत असत. तेथेच त्यांनी ही बंदूक प्रथम हातात घेतली आणि तेथेच तिचे व्यसन जडले. पुढे त्यांनी गोराईत एक वाडी भाड्याने घेतली, जाळी लावली, मुखवटे आणले. शनिवार-रविवारी कचेऱ्यांची मंडळी येऊ लागली. पोट भरत होते, पण मन भरत नव्हते. ही मंडळी खेळत कमी आणि फोटो काढत जास्त. शुभाताईंना खरी स्पर्धा भरवायची होती, पाच-पाच जणांच्या संघांची, पंचांसह, बक्षिसासह.

स्पर्धेचे अर्थशास्त्र विचित्र असते. प्रवेशशुल्कावर आयोजकाचे भागत नाही. त्यात पंचांचे मानधन, रुग्णवाहिका, हवेचे सिलिंडर आणि फुगवायचे आडोसे एवढेही निघत नाहीत. बक्षीस तर वेगळेच. आयोजकाची कमाई असते ती गोळ्यांवर. साडेचार हजारांचे खोके मैदानावर सात हजारांना विकायचे. ज्या संघाच्या खिशात पैसा, तो गोळ्यांचा पाऊस पाडतो आणि आयोजकाचे घर चालते. शुभाताईंनी आठ संघांकडून प्रत्येकी पाच हजार शुल्क घेतले, वीस खोकी मागवली आणि तीस हजारांचे बक्षीस जाहीर केले.

पैसे देताना संघ कचरत होते. आदल्या वर्षी एका आयोजकाने सर्वांचे शुल्क गोळा केले, आदल्या दिवशी स्पर्धा रद्द केली आणि फोन बंद करून टाकला होता. अंधेरीच्या संघाचा कर्णधार हर्षद याने तोंडावर विचारले, "ताई, देतो पैसे. पण तुमचाही फोन लागेल ना?"

"फोन नाही लागला तर गोराईला ये. मैदान काही पिशवीत घालून पळवता येत नाही," शुभाताई म्हणाल्या.

आपला शब्द आता आठ संघांच्या पैशांइतकाच जोखमीचा आहे, हे त्यांना त्या दिवशी पुरते उमगले. ही स्पर्धा मोडली, तर या गावात पेंटबॉलसाठी पुन्हा कोणी कोणावर विश्वास ठेवणार नाही.

आणि येथेच त्यांनी चूक केली. खोकी गोराईला न्यायची तर टेम्पो भाईंदरवरून वळसा घालून जातो आणि भाडे भरपूर घेतो. फेरीबोटीतून थोडक्यात काम होते, पण ऐन स्पर्धेच्या सकाळी बोटीत एवढी खोकी चढवणे शक्य नव्हते. तेव्हा टेम्पोचे भाडे वाचवण्यासाठी त्यांनी खोकी दोन दिवस आधीच बोटीने पाठवली आणि धक्क्याजवळ सोनूबाईंच्या खोलीत ठेवली. सोनूबाई कोळीण. शुभाताईंवर त्यांची माया. निघताना शुभाताई एवढेच म्हणाल्या, "मावशी, याला उष्णता चालत नाही हं. गारव्याला ठेवा."

ज्या बाईचा सारा जन्म माल ताजा राखण्यात गेला, तिला गारव्याला ठेवणे म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. सोनूबाईंनी खोकी उघडली, गोळ्यांच्या पिशव्या मासळीच्या थर्माकोलच्या पेट्यांत रचल्या, प्रत्येक थरावर फोडलेला बर्फ पसरला आणि वर ओले गोणपाट घातले. पेट्या संपल्या म्हणून आठ खोकी तशीच कोपऱ्यात, माळ्याखाली, कोरडी राहिली.

स्पर्धेच्या आदल्या दुपारी शुभाताईंनी पेटीत हात घातला. बर्फाचे पाणी पिशव्यांत शिरले होते. गोळ्या लिबलिबीत होऊन एकमेकींना चिकटल्या होत्या. त्यांनी एक उचलली. ती बोटांतच फुटली आणि निळा रंग मनगटापर्यंत ओघळला.

सोनूबाई दारातच खाली बसल्या. "मना वाटला, पापलेटासारखाच हाय. माजा चुकला गो पोरी. मी भरून देते. दर आठवड्याला थोडे थोडे देते."

शुभाताईंनी गोणपाट पुन्हा पेटीवर ओढले. मग त्यांनी आपला निळा हात सोनूबाईंच्या पदराला पुसला आणि म्हणाल्या, "मी सांगितलं तेच तुम्ही केलंत, मावशी. टेम्पोचं भाडं मी वाचवलं, तुम्ही नाही. उठा आता. चहा टाका."

चंद्रप्रकाश सोबत होते. ते हळूच म्हणाले, "पुढे ढकलू या. नाहीतर बक्षीस तरी अर्धे करू. लोक समजून घेतील."

"जाहीर केलेले बक्षीस अर्धे करायचे आणि माईकवर पूर्ण सांगायचे, हे आपल्याकडे पुष्कळ जण करतात," शुभाताई म्हणाल्या. "म्हणून तर हर्षदने मला तो प्रश्न विचारला."

त्यांनी चहा होईपर्यंत हिशेब केला. आठ खोकी म्हणजे सोळा हजार गोळ्या. चाळीस खेळाडू, प्रत्येकाचे पाच सामने. एका सामन्याला एका खेळाडूला ऐंशी गोळ्या. म्हणजे प्रत्येक संघाला एकच खोके, ठरल्या सात हजारांनाच; जास्तीची गोळी कोणालाही विकायची नाही. मग त्यांनी एकेका कर्णधाराला स्वतः फोन लावून काय झाले ते सांगितले.

"झालं!" हर्षद म्हणाला. "आता फोन बंद करणार ना?"

"चालू आहे, म्हणून तर बोलते आहे. उद्या यायचे नसेल तर शुल्क आत्ता परत करते."

"ऐंशीमध्ये काय होतं यार? माझा एक पोरगा नुसता वॉर्म-अपला दोनशे उडवतो."

"मग त्याला नेम धरायला शिकव."

दुसऱ्या दिवशी आठही संघ आले. ऐंशी गोळ्या प्रत्येक वेळी मोजणार कोण, हा प्रश्न सोनूबाईंनी सोडवला. त्यांनी पहिल्या ऐंशी गोळ्या एका पत्र्याच्या डब्यात मोजून घातल्या, काठावर कोळशाने खूण केली आणि त्या मापाने फळीवर वाटे मांडले, जसे त्या मासळी बाजारात करंदीचे मांडतात.

"मावशी, त्याचा वाटा मोठा दिसतोय," अंधेरीचा एक खेळाडू म्हणाला.

"त्याचा तोंड लहान हाय, म्हणून वाटतो," सोनूबाई म्हणाल्या. "घे तो, आन हा त्याला दे. आता परत बदलून मागशील तर फळीवरून उठवीन."

"वर दोन घाला ना."

"वर घालायला ही मांदेली हाय काय रे?"

सकाळभर मैदानावर कधी न पाहिलेली गोष्ट दिसली. गोळ्यांचा पाऊस थांबला होता आणि माणसे सरपटत होती, थांबत होती, एकमेकांना खुणा करीत होती. वाकोल्याचा संघ सर्वांत चपळ निघाला. त्याचा कर्णधार आकाश आणि त्याचे मित्र यांना कोणत्याही स्पर्धेत एकाच खोक्याची ऐपत असे. गोळी जपून मारणे ही त्यांची सवयच होती. अंतिम सामना त्यांचा आणि अंधेरीचा झाला. शेवटी एकास एक उरले. हर्षद आडोशामागून उठला, त्याने चाप ओढला आणि बंदुकीतून नुसता फुस्स आवाज आला. आकाशने शांतपणे एक गोळी त्याच्या छातीवर फोडली.

"साला, संपल्या!" हर्षद मुखवटा काढून जमिनीवर बसला आणि हसू लागला. "आयुष्यात पहिल्यांदा संपल्या!"

शुभाताईंनी वीस आणि दहा हजारांची पाकिटे तेथेच, सर्वांसमोर दिली. मग त्यांनी माईक घेतला आणि खर्च सांगितला. गोळ्यांचे किती गेले, पंचांचे किती, गोळ्यांवर किती कमावण्याचा बेत होता, तेही लपवले नाही. आणि एकोणसत्तर हजारांची खोट आली, हेही सांगितले. "ही खोट माझी आहे. नवीन मुखवट्यांसाठी साठवलेल्यातून ती भरेन. तुमच्याकडे मागत नाही. पण स्पर्धेला काय लागते हे खेळणाऱ्यांना ठाऊक असावे, म्हणून सांगितले."

संघ पांगले नाहीत. हर्षद पुढे आला. "ताई, दर वेळी शुल्क आणि गोळ्या मिळून आमचे बावीस-तेवीस हजार जातात. पुढच्या वेळी असेच वाटे ठेवा. गोळ्यांसकट पंधरा घ्या. आगाऊ देतो."

"पंधरा नको ना रे," आकाश म्हणाला. "आमचं बारात भागतं. चौदा करा."

"वीस हजार खिशात घालून घासाघीस करतोस?"

"वीस पाच जणांत आहेत, भाऊ!"

चौदा ठरले. चंद्रप्रकाशांनी तेथल्या तेथे हिशेब केला. आठ संघ, आठच खोकी, बाकी खर्च, बक्षीस. "शुभा, तुला हजार रुपये उरतील," ते म्हणाले. "एक हजार."

सोनूबाई फळी धूत होत्या. शुभाताई त्यांच्याजवळ गेल्या. "मावशी, भरून देण्याची गोष्ट परत काढायची नाही. पुढच्या वेळेपासून वाटे तुम्हीच मांडायचे. पंचाला मिळते तेवढेच मानधन. हजार रुपये."

सोनूबाईंनी हात पदराला पुसले आणि क्षणभर विचार केला. "पंचाच्या गल्यात शिट्टी असते. मना पण पायजे."

शुभाताईंनी आपल्या गळ्यातली काढून त्यांच्या गळ्यात घातली. सोनूबाईंनी ती लगेच वाजवून पाहिली. जवळची दोन कुत्री उठून पळाली.

"म्हणजे ते हजारही गेले," चंद्रप्रकाश म्हणाले. "मग आपल्याला उरले काय?"

"वीसऐवजी आठ खोकी येतील," शुभाताई जाळी सोडवीत म्हणाल्या. "आतल्या खोलीत एका माणसापुरती जागा होईल."

"एकाच?"

"एकाच," शुभाताई म्हणाल्या, आणि जाळीचे दुसरे टोक त्यांनी यजमानांच्या हातात दिले.