थिजलेलं खोबरेल

आज सकाळी खोबरेलाची बाटली उलटी केली, तर थेंबही खाली येईना. तेल पांढरंशुभ्र थिजलं होतं. कॅलेंडर काही का म्हणेना, आमच्या घरी थंडी येते ती अशी, आरशापुढच्या फळीवर.

"अगं, उन्हात ठेव ना ती बाटली," हे ओले केस पुसत म्हणाले.

"थांबा हो जरा. आधी मनूला दाखवू दे."

मनू आमची लेक. लहानपणी बाटली उन्हात धरून बसायची. कडेचं तेल वितळून मधला पांढरा गोळा तरंगू लागला की टाळ्या पिटायची. त्यापायी शाळेला उशीर व्हायचा आणि मी करवादायचे. तेव्हा कुठे ठाऊक होतं, घरातली सुखं अशीच कामाच्या गडबडीत पायात येतात म्हणून!

आता ती लग्न होऊन चेन्नईत असते. तिथे तेल थिजतच नाही.

व्हिडिओ कॉल लावला. तिच्या डोक्यावर पंखा गरगरत होता. मी कॅमेऱ्यापुढे बाटली उलटी धरली.

"आई, आली गं थंडी!" ती म्हणाली, आणि त्या पंख्याखालीच तिने ओढणी अंगाभोवती घट्ट लपेटून घेतली.