लाल तेल

दादाचा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेलेला. नेवाशाच्या कोर्टात वकिली करायचा, पण तिथं जायला रोज कुणाला तरी हाक मारावी लागे. नव्वद साल उलटल्यावर त्यानं मुंबईहून एक जुनी परदेशी मोटार आणली. तिला डाव्या पायानं दाबायचा क्लचच नव्हता, गिअर आपोआप पडायचे. पहिल्यांदा एकटा कोर्टात जाऊन आला तो हसतच उतरला. "आता मी कुणाचा मिंधा न्हाई," म्हणाला.

गिअरचं तेलही त्यानं मुंबईहूनच आणलेलं. लाल, पाण्यासारखं पातळ. डबा दाखवून मला बजावलं होतं, "हिच्यात फक्त हेच. दुसरं चालत न्हाई."

खंडेनवमीला आम्ही ट्रॅक्टर, जीप धुऊन तेल बदलतो, मग झेंडूचे हार. त्या वर्षी मला दादाच्या मोटारीचाही पुळका आला. जुनं तेल काढून टाकलं. लाल तेलाचा डबा हातात घेतला आणि वाटलं, ह्या पाण्यानं काय गिअर वाचायचे? ट्रॅक्टरचं घट्ट नव्वद नंबरचं तेल ओतलं. दीडशहाणाच मी! ट्रॅक्टर कळतो म्हणजे सगळी यंत्रं कळतात, असा तोरा.

दसऱ्याला सोनं वाटायला निघायचं म्हणून दादा नवा सदरा घालून मोटारीत बसला. इंजिन गुरगुरलं, गाडी जागची हलेना.

"दाब, अजून दाब!" मीच ओरडलो.

त्यानं ऐकलं. गाडी हातभर सरकली आणि जळका वास सुटला.

"कोणतं तेल घातलंस?"

मी सांगितलं. त्यानं किल्ली काढून खिशात टाकली. अरे, एक थोबाडीत तरी द्यायची होती!

पुण्याच्या मिस्त्रीनं गिअरबॉक्स उघडून हात टेकले. आतलं सगळं जळालेलं, आणि एवढ्या जुन्या गाडीचं सामान मिळेना. मोटार गोठ्याशेजारी उभी राहिली. हार वाळला तरी मला काढवेना.

दिवाळीपर्यंत दादा गावातल्या कुणाकुणाला हाक मारून कोर्टात गेला. दिवाळीची सुट्टी संपून कोर्ट उघडलं. सकाळी मी जीप काढली.

"तुझं उसाला पाणी द्यायचं असंल तर राहू दे. मी दुसरं कुणी बघतो," दादा म्हणाला.

सख्ख्या भावानं असं परक्यासारखं बोलावं! "खड्ड्यात गेला ऊस, बस," मी म्हणालो.

गावाबाहेर पडेपर्यंत तो खिडकीतून बाहेर बघत होता. मग चढ आला. मी क्लच दाबला तशी त्याची नजर माझ्या डाव्या पायावर आली. पुढचा सगळा रस्ता मी गिअर न बदलता जीप तशीच रेटत नेली.