पूलमधलं मीठ जातं कुठं?

कमरेला किल्ल्यांचा जुडगा असला की किस्से आपोआप गोळा होतात, नि संशयही. कोलशेतच्या आमच्या सोसायटीत क्लबहाऊसच्या सगळ्या किल्ल्या माझ्याकडे. शाळा माझी चौथीपर्यंत, पण माणूस नजर कुठे चुकवतो ते मला बरोबर दिसतं. यंदा सोसायटीने स्विमिंग पूल मिठाच्या पाण्याचा केला, नि बघायला काय काय मिळालं!

*

मशीन बसवायला संदीप आला. म्हणाला, "मावशी, क्लोरीनचे डबे आता बंद. पाण्यात मीठ टाकायचं, त्यातून हे मशीनच क्लोरीन बनवणार."

"म्हणजे क्लोरीन आहेच?"

"आहे, पण..."

"पण काय रे? चोराला पुढच्या दाराने हाकललंस नि मागच्या दाराने घरात घेतलंस!"

*

मिठाच्या गोण्या ओतल्या. संदीप सांगत होता, विरघळू दे, दिवसभर पंप फिरू दे, मग मोजू. पण आमचे सेक्रेटरी देशमुख साहेब घाईचे. लगेच मीटर बुडवला. "कमी दाखवतंय! ह्यांनी भेसळीचा माल दिलाय. अजून ओता!"

ओतलं. दुसऱ्या दिवशी मशीन बोंबलायला लागलं, मीठ जास्त!

मी म्हटलं, "साहेब, आमटी न ढवळताच चव घेतलीत की हो!"

जास्त झालेलं मीठ उपसून काढता येत नाही. खारं पाणी सोडायचं नि गोडं भरायचं, एवढाच उपाय. साहेब डोकं धरून बसले, तर लेडीज बॅचच्या काळे काकू काठावरून मला ओरडून म्हणाल्या, "अगं सुमन, चार बटाटे सोड ना त्यात!"

*

पुढे उलटंच सुरू झालं. मीठ बरोबर करून ठेवावं, तर थोड्या दिवसांनी परत कमी. पाणी मात्र काठोकाठ, कारण ते कमी झालं की बॉलकॉकमधून आपोआप भरतं.

साहेब माझ्यापुढे उभे. "मावशी, उन्हाने पाणी उडतं, मीठ उडत नाही. मग गोण्या जातात कुठं?" डोळे माझ्या कमरेच्या जुडग्यावर!

माझं टाळकं सटकलं. "साहेब, माझा आजा इथल्याच खाडीवर मिठागरात राबला. आमच्या घरात मिठाची चोरी म्हणजे कोळणीने बोंबील चोरावा!"

"महिनाअखेरपर्यंत बघतो. नाहीतर किल्ल्या द्या नि घरी बसा."

*

घरी बसते की काय? मी चोर शोधायला लागले. पहिला संशय संदीपवर. जाताना त्याची बॅग उघडायला लावली. आत पाना, मीटर नि डबा. डब्यातली भाजी चाखली तर एकदम अळणी!

"बीपी आहे मावशी, डॉक्टरने मीठ बंद केलंय."

दिवसभर मीठ टाकणारा माणूस अळणी खातो? मला तर जास्तच संशय आला!

*

शेवटी साहेब स्वतःच खुर्ची टाकून बसले. त्यांच्यादेखत गोण्या फोडल्या, त्यांच्यादेखत ओतल्या, स्टोअरला त्यांनी स्वतःचं कुलूप लावलं. तरी मीठ उतरलंच!

मी म्हटलं, "आता काय, पदराने गाळून नेते मी?"

साहेब म्हणाले, "मावशी, तुमचं काही सांगता येत नाही."

*

महिनाअखेरीला त्यांनी मला किल्ल्या घेऊन खाली पार्किंगमध्ये बोलावलं. गेले, तर गाडी पुसणाऱ्यावर गरजत होते, "नवी काळी गाडी, नि रोज सकाळी बॉनेटवर हे पांढरे डाग! फडकं मारतोस की नाही?"

तो बिचारा रडकुंडीला आलेला. "साब, रोज पोछता हूँ!"

"सगळे चोर भरलेत इथे! मावशी, काढा किल्ल्या."

मी जुडगा सोडला, बॉनेटवर ठेवला. ठेवताना टपकन एक थेंब हातावर पडला. वर बघितलं. स्लॅबला ओल, नि तिच्या कडेने पांढरी रांगोळी. वर काय आहे ते लहान पोरालाही ठाऊक. पूल!

बॉनेटवरच्या पांढऱ्या डागावर बोट फिरवलं नि जिभेला लावलं.

"साहेब, तुम्हीही बघा जरा चाखून."

साहेबांनी बोट लावलं. चाखलं. वर बघितलं. मग जुडगा उचलून माझ्या हातात दिला नि गाडी पुसणाऱ्याला म्हणाले, "अरे, ही गाडी जरा पलीकडे लावू, ये."