तळमजल्यावर अडकलेली मुलगी

अन्याय झाला तो वसईच्या पाचूबंदर कोळीवाड्यातल्या एका चौथीतल्या मुलीवर. कधी? गेल्या जूनमध्ये, शाळा सुरू झाल्यावरच्या दुसऱ्या शनिवारी, मधल्या सुट्टीच्या जरा आधी. शिष्यवृत्तीच्या मोफत वर्गासाठी चाचणी चालली होती आणि तिचा पेपर अर्ध्यातून काढून घेतला गेला. तिला अक्षरं गिरवणाऱ्या बारक्यांच्या गटात बसवलं. मी त्या वर्गांची स्वयंसेवक. मनवेलपाड्यात राहते, पत्रकं लिहिते, आणि संतापायला मला कधीच वेळ लागत नाही.

चाचणीचा नियम साधा होता. प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे लावलेले. ओळीने तीन चुकले की थांबायचं, कारण पुढचे त्याहून अवघड, ते कशाला विचारायचे? ऐकायला दयाळू वाटतं. मलाही वाटलं होतं.

या मुलीचे तीन चुकले ते एका चित्रावरचे. चित्रात उंच इमारत, मध्ये लिफ्ट. तळमजल्यावरून तीन मजले वर गेलो तर कुठे पोचलो? ती म्हणाली, चौथ्यावर. पाचव्यावरून तळाला यायला किती मजले उतरायचे? चार. तिसरंही उत्तर तसंच, एकाने हुकलेलं. तिने जमिनीलगतच्या मजल्याला एक धरलं होतं. का धरू नये? तिच्या घराला मजला एकच, आणि त्याला शून्य म्हणावं असं तिला कोणी सांगितलं नव्हतं.

तिची आई वसईच्या बाजारात मासळी विकते. तिने मला मासळीच्या पाटीसमोरच गाठलं.

"पोरगी चुकली तर चुकली, बाय. पन पुढचं तिला विचारलाच नाय ना! न विचारता कसा कळला तुमाला, तिला येत नाय ते?"

मी तडक चाचणी समितीच्या सचिवकाकांकडे गेले. निवृत्त मुख्याध्यापक, राहायला बोळिंजच्या मोठ्या संकुलात, माणूस मुळात चांगला.

"अगं, लिफ्टचा प्रश्न म्हणजे लाडू आहे लाडू," ते म्हणाले. "आमच्या संकुलातल्या सगळ्या मुलांना आला. म्हणून तर तो सुरुवातीला घेतला."

"म्हणजे चाचणी तुमच्याच जिन्यावर तपासलीत?"

"जिन्यावर नाही, क्लबहाऊसमध्ये," काका शांतपणे म्हणाले. "चहा घेणार?"

मी चहा घेतला नाही. घरी येऊन पत्रक लिहिलं. मथळा, 'लिफ्टची हुकूमशाही!' लिफ्टला झोडपलं, मग हात चालतोच आहे तर घड्याळाच्या प्रश्नालाही झोडपलं. कोळ्यांच्या घरात भरती-ओहोटी बघून चालतात, काट्यांचं घड्याळ ही शहरी सक्ती, वगैरे. फार जमून आलं होतं. ते घेऊन गोखिवऱ्याला मामीकडे गेले. मामीने कॉलेजात संख्याशास्त्र शिकवण्यात हयात घालवली आहे.

मामीने पत्रक वाचलं, चष्मा काढला. "भाषा झकास. पुरावा कुठाय?"

"मामी, डोळ्यांना दिसतंय!"

"डोळ्यांना पृथ्वी सपाट दिसते. आधी मोज, मग ओरड. तुला कोणी अडवलंय का ओरडायला? तुझ्या आईलाही ते कधी जमलं नाही."

मग मी काकांना गळ घातली. कोणालाही मध्येच न थांबवता पाचूबंदरच्या आणि बोळिंजच्या मुलांकडून पूर्ण पेपर सोडवून घेतला, आणि ते पेपर मामीच्या पलंगावर पसरले. मामीने पंखा बंद केला, कागद उडतात म्हणून. गोखिवऱ्याचा उकाडा, बंद पंखा आणि संख्याशास्त्र. लढ्यात काय काय सोसावं लागतं ते कोणी आधी सांगत नाही.

मामीचं काम असं. दोन प्रश्न घ्यायचे, लिफ्टचा आणि सारखे वाटे करायचा भागाकाराचा. ते दोन्ही बाजूला ठेवून उरलेल्या प्रश्नांत कोणाचे किती बरोबर आले ते बघायचं, आणि त्यावरून पेपरांचे गठ्ठे करायचे: कच्चे, मधले, पक्के. म्हणजे एका गठ्ठ्यात साधारण सारख्या तयारीची मुलं आली. आता प्रत्येक गठ्ठ्यात बघायचं, लिफ्ट जास्त मुलांना आली की भागाकार? लिफ्ट खरंच सोपी असेल तर ती सगळीकडे सोपी निघायला हवी, बोळिंजला आणि पाचूबंदरलाही.

"एखाद्या गठ्ठ्यात जराशी उलटापालट झाली तर दचकायचं नाही," मामी म्हणाली. "नशिबानेही होते. मोठी झाली आणि पुन्हा पुन्हा झाली, तर मात्र क्रम खोटा."

झाली. प्रत्येक गठ्ठ्यात झाली. बोळिंजच्या मुलांना लिफ्ट सोपी, भागाकार जड. पाचूबंदरच्या तेवढ्याच तयारीच्या मुलांना नेमकं उलट. आमच्या मुलीने पुढचे भागाकार सगळे बरोबर सोडवले होते.

"आणि हे बघ," मामीने चित्रावर बोट ठेवलं. "या तीन चुका नाहीतच. एकच चूक तीनदा मोजली."

मी नाचायच्या बेतात होते. तेवढ्यात मामीने घड्याळाचा प्रश्नही तसाच तपासला. दोन्हीकडे क्रम तोच, ठीकठाक.

"घड्याळ निर्दोष सुटलं. पत्रकातून काढ."

"पण मामी, तोच परिच्छेद सगळ्यात छान आहे!"

"मग कविता म्हणून छाप."

काढला. अजून दुखतंय.

"मग लिफ्ट शेवटी टाकू आणि भागाकार आधी घेऊ," मी म्हटलं.

"शाब्बास! म्हणजे बोळिंजची पोरं भागाकारावर अडकतील आणि अन्याय नुसता पत्ता बदलेल. जो प्रश्न दोन गावांत जागा बदलतो त्याच्या जिवावर कोणाला थांबवायचंच नाही. एक तर तो प्रश्न काढा, नाही तर थांबवायचा नियम काढा."

समितीच्या बैठकीत मी मुठी आवळून बसले होते. सचिवकाकांनी सगळं नीट ऐकलं आणि म्हणाले, "मुलं फार थोडी आहेत. योगायोग असू शकतो."

मी उसळले. आणि माझी सख्खी मामी काय म्हणाली? "बरोबर आहे त्यांचं."

घरचा भेदी म्हणतात तो हा. पण तिच्यामुळेच ठराव झाला: जास्त मुलांकडून, वसई-विरारच्या सगळ्या भागांतून, पूर्ण पेपर पुन्हा सोडवून घ्यायचा आणि मग निकाल. तोवर ती मुलगी आहे तिथेच.

परवा तिला भेटले. बारक्यांच्या बाकावर गुडघे दुमडून बसली होती.

"ताई, ही सगळी मला बाई म्हनतात," ती हसत म्हणाली. मग हसू थांबवून, "पन मी शिकू कधी?"

याचं उत्तर तुमच्याकडे आहे. येत्या रविवारी तुमच्या चौथीतल्या मुलाला किंवा मुलीला आमच्या वर्गावर घेऊन या. चाळीतून या, बंगल्यातून या, विसाव्या मजल्यावरून या. पूर्ण पेपर सोडवू द्या, आणि तो संपेपर्यंत बाहेर बसा. घरी काम आहे असं म्हणू नका. या.