प्रिंटरच्या जागी नानांची पेटी

फोन आला तेव्हा मी धुळ्यात, माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होतो. पलीकडून जळगावचे प्रकाशभाऊ. "नाना गेले," म्हणाले, आणि मी काही बोलायच्या आत, "जेवून गेले रे. स्वतःच्या हातानं जेवून." मी खुर्ची ओढून बसलो. डोळे भरून आले, पण छातीवरचं ओझं त्या दुसऱ्या वाक्यानं उतरलं, हे खरं. आता महिना होत आला, तरी नाना आठवले की पहिल्यांदा ते वाक्यच आठवतं.

नाना मूळचे सावद्याचे, केळीचे व्यापारी. जळगावात राहत्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांची पेढी. मी सोनगीरचा. आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिला माणूस मीच, आणि हे सांगायला मला कधी लाज वाटली नाही. धुळ्याला बी.कॉम. केलं, कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि नानांकडे गाड्यांची बिलं, हिशेब कॉम्प्युटरवर घ्यायला लागलो. नाना मला नावानं हाक मारत नसत. "ओ ग्रॅज्युएट!" घाईत माझ्या तोंडून अहिराणी निसटली, 'आहे'चं 'शे' झालं, की चिडवायचे, "आलं का तुमचं शे-शे?" मीही सोडायचो नाही. "नाना, तुमचं मले-तुले तरी कुठल्या पुस्तकात आहे?" त्यावर पोट धरून हसायचे.

एका हिवाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पाय सावरला, उजवा हात तेवढा लुळा राहिला. घडावर नुसता हात फिरवून माल सांगणारा हा माणूस. नानी घास भरवायला बसल्या की तोंड फिरवून घ्यायचा. "मले लेकरू करून टाकलं," एकदा मला म्हणाले, "मरेन ना, तं माह्या हाताने जेवून मरेन." डॉक्टरांनी बोटांना काम द्यायला सांगितलं होतं. दाबायला रबरी चेंडू आणला, तो नानांनी डाव्या हातानं अंगणात भिरकावला. एका दुपारी, त्यांचा वेळ जावा एवढ्याच हेतूनं, मी त्यांना कॉम्प्युटरपुढं बसवलं, उजवा हात माऊसवर ठेवला आणि विटा फोडायचा गेम लावला. खाली एक पट्टी असते, ती सरकवून चेंडू परतवायचा, वरच्या विटा फुटतात. पहिले काही दिवस चेंडू नुसता पडत होता. मग एकदा पट्टी जराशी हलली... नाना पडद्याकडे बघतच नव्हते. हाताकडे बघत होते.

मग त्यांना नादच लागला. ओळखीपाळखीतून फ्लॉप्या मागून मी गेम भरत गेलो आणि कॉम्प्युटर गच्च झाला. केळीचा हंगाम तोंडावर, आणि हिशेबाचा प्रोग्रॅम जागा नाही म्हणून नवी नोंदच घेईना. प्रकाशभाऊ नानांचे थोरले चिरंजीव, सगळा धंदा त्यांच्या एकट्यावर आलेला. म्हणाले, "काढून टाक ते खेळ." त्यांचं काही चुकलं नव्हतं, दारात गाड्या उभ्या होत्या. पण नाना आता चमचा उचलायला लागले होते. तोंडाशी येता येता तो कलंडायचा, एवढंच बाकी होतं. आणि फ्लॉप्या ज्याच्या त्याला परत गेलेल्या, पुसलेला गेम पुन्हा कुठून आणणार?

"पुसायचे नाहीत भाऊ, बाहेर हलवू," मी म्हणालो. कॉम्प्युटरच्या बाहेर ठेवायची हार्ड डिस्क मिळते हे मी ऐकून होतो, पाहिली कधी नव्हती. मुंबईला केळी उतरवून परतणाऱ्या गाडीतून ती आली. ड्रायव्हरनं आमच्या धंद्याच्या रीतीनं ती केळीच्या वाळल्या पाल्यात गुंडाळून, केबिनमध्ये स्वतःजवळ ठेवून आणलेली. जेवणाच्या डब्याएवढी पेटी. तिची वायर कॉम्प्युटरच्या मागं प्रिंटरच्या जागी जोडायची. म्हणजे नाना खेळत असतील तोवर बिल छापणं बंद! प्रकाशभाऊंनी कपाळाला हात लावला.

दुपारभर बसून सगळे गेम पेटीत उतरवले, एकेक उघडून पाहिला आणि मगच कॉम्प्युटरमधले पुसले. हिशेब मोकळा झाला. वायर काढून पेटी टेबलावर ठेवली आणि मी ऐटीत खोलीवर गेलो.

सकाळी येतो तर नाना आधीच खुर्चीत. वायर जोडली, कॉम्प्युटर चालू केला, पडद्यावर पेटी दिसेना. बंद करून पुन्हा चालू केला... तरी नाही. आतले गेम तर माझ्याच हातानं पुसलेले.   माऊसवरचा उजवा हात नानांनी डाव्या हातानं उचलला आणि मांडीवर ठेवून घेतला.

वायर पुन्हा खोचायला म्हणून पेटी फिरवली, तर मागं झेंडूची पाकळी चिकटलेली.

"नानी, पूजा केली का हिची?"

"मंग? नवी वस्तू घरात आली, तशीच ठेवू का?"

"कुंकू कुठं लावलं?"

"तोंडाले लावलं. मागे नही का तिचं तोंड!"

म्हणजे जिथं वायर खोचतात तिथं. पाण्यात कालवलेलं हळद-कुंकू बारीक पिनांमध्ये वाळून बसलेलं. नानींना तरी काय बोलणार? आमच्याकडे तराजू असो, तिजोरी असो, नवी गाडी असो, पहिलं बोट कुंकवाचंच लागतं. घरात नानांच्या इंजेक्शनचं स्पिरिट होतं. टाचणीला कापूस गुंडाळून मी एकेक पिन पुसत बसलो, आणि बॅटरी धरून उभे होते कोण, तर प्रकाशभाऊ! बाहेर ड्रायव्हर हाका मारत होता, त्यांनी वळूनही पाहिलं नाही. पिना वाळल्या. वायर लावली. पडद्यावर नावांची यादी उमटली, सगळीच्या सगळी.

"नाना, बठ्ठं शे! काहीच गयं नही!" मी अहिराणीतच ओरडलो.

नानांनी हात पुन्हा माऊसवर ठेवला. "म्हन रे ग्रॅज्युएट," म्हणाले, "आज किती बी शे म्हन."

हात आला. अगदी हळू आला, पण आला. एका दुपारी त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, भरिताला लावला आणि तोंडात घातला. नानी वाढता वाढता थांबल्या आणि काही झालंच नाही अशा थाटात म्हणाल्या, "मीठ कमी हाये का?" पुढं मी धुळ्यात स्वतःचा क्लास काढला, पण जळगावला चक्कर झाली की तेच ऐकू यायचं. प्रकाशभाऊ बिल घेऊन मागं उभे, "नाना, प्रिंटर लावायचाय." आणि नाना मान न वळवता, "गाडी भरू दे. डाव झाला की घे."

नानांच्या गंधमुक्तीला, सुतक फिटायच्या दिवशी, गेलो होतो. जेवणं झाली, पाहुणे पांगले. दारात गाडी उभी होती, कारण केळी सुतक पाळत नाही. पुढच्या खोलीत पेटी जागच्या जागी. वायर खोचतात त्या कडेला कुंकवाची लाली अजून आहे, स्पिरिटनंही ती गेली नव्हती. वायर प्रिंटरच्या जागीच, आणि प्रिंटर खाली फडक्यात गुंडाळलेला. प्रकाशभाऊ पेनानं बिल लिहीत होते.

"भाऊ, वायर काढून प्रिंटर जोडून देऊ का?"

त्यांनी मान वर केली नाही. "राहू दे," म्हणाले, "हातानं होतंय ना."