घासलेलं मडकं
तव्यावर भाकरी करपली की मला केदारखेड्याजवळचं ते पांढरीचं, जुन्या वस्तीच्या मातीचं टेकाड आठवतं. पुरातत्त्व संस्थेचे लोक तिथं खोदत होते आणि आम्ही बाया निघालेली खापरं धुवायचो. एक दिवस निम्मं शाबूत मडकं माझ्या हाती आलं, आत काळं काहीतरी चिकटलेलं. घरच्या सवयीनं मी ते राखेनं लख्ख घासलं आणि हौसेनं खोदकामाच्या मोठ्या मॅडमना दाखवलं. त्यांचा चेहरा उतरला. आपलं काम गेलं, असंच मला वाटलं. पण त्या शेजारी बसल्या. “त्या काळ्यावरूनच तेव्हाचे लोक काय खायचे ते कळतं. आत काय होतं, आठवून सांगा.” मी म्हणाले, “बाजरी करपली व्हती, मॅडम. बुडाला दाणे दिसू राह्यले व्हते.” त्यांनी वहीत तसंच लिहिलं आणि खाली टिपलं, ‘धुणाऱ्या बाईंनी पाहिलेलं.’ शेवटच्या दिवशी त्यांनी सगळं गाव बघायला बोलावलं आणि त्या मडक्यापाशी मलाच उभं केलं. मी सांगितलं, “लई वर्षांखाली एका बाईची बाजरी करपली व्हती, ती मी घासून टाकली. तुमच्या शेतात असं निघालं तर घासू नका.” कुणी हसलं नाही. अजूनही करपलेलं पातेलं घासायच्या आधी मी आत वाकून बघते.