मास्तरांची जगभाषा

एस्पेरांतोत बापाला म्हणतात 'पात्रो'. त्या पात्रोला एक शेपूट लावलं की होते 'पात्रिनो', म्हणजे आई. ज्या भाषेत आईला स्वतःचा एक शब्द नाही, ती म्हणे साऱ्या जगाची भाषा होणार. डोंबलाची!

आमचे मास्तर मात्र तिच्यावर लट्टू होते. मास्तर म्हणजे माझे यजमान, अमरावतीच्या एका शाळेत शिकवायचे. माणूस मूळचा वरुडकडचाच, मले-तुले करतच वाढलेला. पण पुण्याला कॉलेजात चार वर्षं काढून आले आणि नाकानं कांदे सोलायला लागले. मी शेंदूरजनाघाटच्या संत्र्याच्या बागेत वाढलेली. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात मला ताकीद मिळाली. 'जेब' म्हणायचं नाही, खिसा म्हणायचं. 'संदूक' नाही, पेटी. 'काहून' नाही, का. आज मी हे जे साफसूफ मराठी लिहिते आहे ते त्यांचंच देणं आहे, आणि ते मी त्यांच्यावरच खर्च करते आहे.

मग टपालानं एस्पेरांतोचं पुस्तक आलं. कुणीतरी टेबलाशी बसून बेतलेली ही भाषा. सोळा नियम, अपवाद एकही नाही, आठ आठवड्यांत कुणालाही येते, असं मास्तर येईल-जाईल त्याला सांगायचे. त्यात आमची पोरगी जन्मली, आणि बारशाच्या दुसऱ्या दिवशी हुकूम सुटला. बाप तिच्याशी फक्त एस्पेरांतोत बोलणार. आईनं बोलायचं तर शुद्ध मराठीत, नाहीतर गप्प बसायचं. वऱ्हाडीचा एक शब्द तिच्या कानावर पडता कामा नये. माझं माहेरी जाणंही त्यापायी बंद झालं.

मी तोंड उघडलं की दुरुस्ती. अंगाई म्हटली तरी दुरुस्ती. शेवटी मी बोलणंच सोडलं. मुकाट्यानं न्हाऊ घालायची, मुकाट्यानं भरवायची. बापाचं बोलणं म्हणजे रोज पुस्तकातली चार वाक्यं तिच्यापुढे म्हणायची, की झालं. पोरगी अडीच वर्षांची झाली, पळायची, हसायची, पण शब्द म्हणून एक नाही. शेजारीण एकदा दारात उभी राहून म्हणाली, "मुकी हाये काय वं तुयी पोरगी?" त्या दिवशी चुलीपुढे बसून मी खूप रडले. मास्तर म्हणाले, "धीर धर. बोलेल तेव्हा थेट जगाशी बोलेल."

आता मास्तरांना त्या पुस्तकाच्या पायी एक पत्रमित्र मिळाला होता. सर्बियातल्या कुठल्याशा खेड्यातला शाळामास्तर. दोघं एस्पेरांतोत लिहायचे. एवढ्यावर भागलं नाही. मास्तरांनी अकोल्याच्या एका वाचनालयात व्याख्यान ठरवलं, एस्पेरांतो आणि सर्बियन यांची तुलना. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! रोज संध्याकाळी ओसरीवर तालीम चालायची. मी आत ज्वारी निवडत ऐकायची. सर्बियनला सात विभक्त्या, एस्पेरांतोला मोजून दोन. सर्बियनला दोन-दोन लिप्या, एस्पेरांतोला एक. सर्बियन तर तुर्कांच्या राज्यात पार बाटलेली. मित्रानं अशा बाटलेल्या शब्दांची यादीच पाठवली होती, ती ते नाक मुरडत वाचायचे. पेटीला तिथले शेतकरी 'संदुक' म्हणतात. खिशाला 'जेप'. दुकानाला 'दुचान'.

मी निवडता निवडता थांबले. अरे, ही तर माझ्या माहेरची माणसं! सात समुद्रांपलीकडे कुणी बाई आपल्या संदुकात लुगडं की काय ते ठेवते, आणि इथे माझा संदूक मला तोंडातून काढायची चोरी. एस्पेरांतोत पेटीला 'केस्तो' म्हणतात. या केस्तोत आजवर कुणाच्या आईनं काही ठेवलं असेल का? सर्बियन अवघड असेल, वाकडी असेल, पण तिच्यात कुणीतरी कुणाला रागावलेलं आहे, कुणाची समजूत घातलेली आहे. या गुळगुळीत एस्पेरांतोबाईला साधी शिवीसुद्धा धड देता येत नसणार.

हे मी ऐकीव सांगत नाही. दुपारी मास्तर शाळेत गेले की मी ते पुस्तक काढायची. आठ आठवड्यांत कुणालाही येते ना? मला सहांत आली. त्यांना मात्र मी पत्ता लागू दिला नाही.

व्याख्यानाच्या आदल्या दिवशी सर्बियाचं पत्र दुपारीच आलं. मी पाकीट वाफेवर धरून उघडलं. मास्तरांनी विचारलं होतं, तुम्ही आपल्या मुलांना एस्पेरांतो कोणत्या वयापासून बोलता? त्याचं उत्तर दोनच ओळींचं होतं. 'मुलांशी मी सर्बियनमध्ये बोलतो. दुसरं कसं बोलणार?' पाकीट चिकटवून मी जागेवर ठेवलं. मास्तरांनी संध्याकाळी ते वाचलं, दोनदा वाचलं, घडी करून खिशात घातलं. मी विचारलं, "काय लिहितात?" म्हणाले, "काही नाही. तिकडे थंडी फार आहे."

अकोल्याला आम्हा दोघींनाही नेलं. का, तर पोरीला व्यासपीठावर उभी करायची होती. जगभाषेतली वऱ्हाडची पहिली कन्या! तुलना संपली, सर्बियनचे वाभाडे काढून झाले, आणि मास्तरांनी तिला टेबलावर उभी केली. "किओ एस्तास व्हिआ नोमो?" तुझं नाव काय? पोरगी त्यांच्या तोंडाकडे टकामका बघत राहिली. पुन्हा विचारलं. तिनं बायकांत बसलेल्या माझ्याकडे हात पसरले. मास्तर सभेकडे वळून हसले. "लाजते आहे. पण हा प्रयोग एकट्या माझाच नाही. सर्बियातले माझे मित्रही आपल्या मुलांशी घरी एस्पेरांतोच बोलतात."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बायकांच्या बाजूनं उठले आणि खणखणीत म्हणाले, "मेन्सोगो! ली पारोलास सेर्बे कुन सिआय इन्फानोय!" म्हणजे, खोटं! तो आपल्या मुलांशी सर्बियनच बोलतो. अख्ख्या अकोल्यात हे एकाच माणसाला समजलं. बाकी सभेनं टाळ्यांचा कडकडाट केला. अध्यक्ष म्हणाले, "वा, सौभाग्यवतीही प्रवीण!" मास्तर पांढरेफटक पडले होते. मी टेबलावरून पोर उचलली आणि तिथून परस्पर माहेर गाठलं.

आमच्या बागेत जंबेरीचं, म्हणजे रानटी लिंबाचं, रोप आधी लावतात, तो खुंट. तो मुळं धरून उभा राहिला की त्यावर संत्र्याचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, बांधतात. माझ्या बापानं सगळी हकीकत ऐकून घेतली आणि एवढंच म्हणाला, "खुट लावलाच नाही तं जावयानं डोळा बांधला कायले?" मग पोरीला खांद्यावर घेऊन तो बागेत गेला. पंधरा दिवसांत तोडणीच्या बायांमध्ये बसून ती म्हणाली, "मले पन दे." मी ते झाडाआडून ऐकलं. पदर तोंडात धरला तरी हुंदका बाहेर आलाच.

मास्तर चार महिन्यांनी आले. पुस्तक बरोबर नव्हतं. बागेच्या तोंडाशी उभे राहिले, वाळलेले, दाढी वाढलेली. पोरगी तोवर पोपटासारखी बोलायला लागली होती. माझं लुगडं ओढत म्हणाली, "हा कोन होय वं माय?"

मास्तर खाली बसले. पुण्याहून आल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ती बोली निघाली. "मी तुहा बाप होय वं."

पोरीनं त्यांना नीट न्याहाळलं. "मंग माह्याशी बोलत काहून नोता?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सांगा आता. पोरगी इचारून राहिली."